हिरवी रेघ विकत घेताना

आकाशदर्शनात तारा दाखवायला बोट पुरत नाही. "त्या झाडाच्या वर, जरा डावीकडे" म्हटलं की प्रत्येकाचं झाड वेगळं निघतं. हिरवा लेझर लावला की रेघ थेट चांदणीला टेकल्यासारखी वाटते, आणि मैदानावरची सगळी माणसं एकाच वेळी एकच तारा बघतात. म्हणून आमच्यासारख्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या पिशवीत दुर्बिणीइतकाच लेझरही असतोच. बरीच वर्षं मी आमच्या गटासाठी लेझर निवडतो, तपासतो, शाळांनाही सुचवतो. "स्वस्त आणि पॉवरफुल कोणता घेऊ?" असं विचारणाऱ्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

१. कामाला किती ताकद लागते ते आधी ठरवा.

लेझरची ताकद मिलिवॉटमध्ये मोजतात. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत डोळ्यांना दिसणारा १ मिलिवॉटपर्यंतचा लेझर वर्ग २ मध्ये, ५ पर्यंतचा ३-आर मध्ये, ५०० पर्यंतचा ३-बी मध्ये आणि त्यापुढचा वर्ग ४ मध्ये येतो. वर्ग २ चा झोत चुकून डोळ्यांत गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढ्याने निभावतं. ३-बी ला पापणी पुरी पडत नाही, ती मिटण्याआधीच इजा होऊन जाते. वर्ग ४ मध्ये तर भिंतीवर पडून पसरलेला प्रकाशही जवळून पाहणं धोक्याचं, त्वचा भाजते ती वेगळीच.

डोळ्याची रचनाच अशी आहे, की बाहुलीतून शिरलेला समांतर झोत भिंग दृष्टिपटलावर एका बारीक ठिपक्यात गोळा करतं. तिथली तीव्रता बाहुलीपाशी असते त्याच्या सुमारे लाखपट होते. अंधारात बाहुली मोठी झालेली असते, म्हणजे आकाशदर्शनाच्या रात्री झोत आत शिरायला दारही सताड उघडं.

वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी खरोखरच्या ५ मिलिवॉटची हिरवी रेघ स्वच्छ दिसते. शहराच्या कडेला, दिव्यांच्या उजेडात ती फिकी पडते हे खरं. पण ताकद दहापट केली म्हणून डोळ्यांना रेघ दहापट उजळ भासत नाही. इजेची शक्यता मात्र त्या वाढीबरोबर चढत जाते.

२. लेबलावरचा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर '३०३' नावाचा काळा, किल्लीचा, जाडसर लेझर सहज मिळतो. त्याच घडणीचा माल कोण कुठे बनवतो याचा पत्ता लागत नाही. एकावर एक हजार मिलिवॉट छापलेलं असतं आणि मोजल्यावर त्यातून दोन आकडीच निघतात. दुसऱ्यावर "५ पेक्षा कमी" असा पिवळा स्टिकर असतो आणि त्यातूनही तितकेच मिलिवॉट निघतात. पहिल्या खोटेपणात पैसे जातात, दुसऱ्यात डोळा. म्हणून मोठ्या आकड्यापेक्षा लहान आकड्याचीच मी जास्त कसून तपासणी करतो.

ही तक्रार आपल्याच बाजारापुरती नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या मोजमापाच्या राष्ट्रीय संस्थेने १२२ लेझर पॉइंटर तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या नियमांत बसत नव्हते.

३. दुकानातल्या करामती बघून भुलू नका.

"काका, काडी पेटवतो बघा," म्हणत विक्रेता आगपेटीच्या काडीवर झोत धरतो. पुढचं भिंग फिरवून झोत एका टिंबावर आणला आणि काडीचं टोक गडद असलं, की फार मोठ्या ताकदीची गरज उरत नाही. त्यावरून मिलिवॉट कळत नाहीत. आणि बाकी गिऱ्हाईकं आजूबाजूला उभी असताना उघड्यावर हा खेळ चाललेला असतो, ते मला बघवत नाही. मी तिथल्या तिथे बंद करायला सांगतो.

"दहा किलोमीटर जातो" यालाही अर्थ नाही. प्रकाश जातच राहतो, प्रश्न तो किती पसरतो हा. चांगल्या पॉइंटरचा झोत साधारण १ मिलिरेडियनने पसरतो, म्हणजे एका किलोमीटरवर एक मीटर रुंद. हे घरी तपासता येतं. शाळेच्या लांब व्हरांड्यात ५ मीटरवर आणि २५ मीटरवर पांढरा कागद लावून ठिपक्याचा व्यास मोजा. दोन्हींत २ सेंटीमीटरचा फरक आला तर पसरण १ मिलिरेडियन. याहून बराच जास्त आला तर आकाशात रेघ जाड आणि पुसट दिसेल, मग आत कितीही मिलिवॉट असोत.

४. हिरवाच का, तेही समजून घ्या.

दिवसाच्या उजेडातली आपली नजर ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असते. ५३२ चा हिरवा त्याच्या अगदी शेजारी आहे. ६५० चा लाल तेवढ्याच ताकदीला सुमारे आठपट मंद दिसतो. ४४५ चा निळा त्याहून मंद: भिंतीवर ५ मिलिवॉट हिरव्याइतका उजळ ठिपका पाडायला सुमारे दीडशे मिलिवॉट निळा लागतो. स्वस्तात प्रचंड ताकदीचे म्हणून आज जे लेझर विकले जातात ते बहुतेक हेच निळे. डोळ्याला ठिपका मध्यम वाटतो आणि दृष्टिपटलावर मात्र सगळी ऊर्जा जाऊन आदळते. आकाशदर्शनासाठी निळा मी कुणालाच सुचवत नाही.

५. जो प्रकाश दिसत नाही, तो आधी शोधा.

सगळ्या तपासण्यांत ही माझ्या लेखी पहिली. ५३२ नॅनोमीटरचा नेहमीचा स्वस्त लेझर मुळातून हिरवा नसतो. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश देतो. तो निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकात शिरतो आणि १०६४ चा होऊन बाहेर पडतो. पुढचा केटीपी नावाचा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करतो, तरंगलांबी निम्मी होते आणि ५३२ चा हिरवा निघतो. उरलेला अवरक्त अडवायला तोंडाशी एक छोटी गाळणी हवी. स्वस्त मालात नेमकी तीच गाळलेली असते.

अवरक्त प्रकाशही दृष्टिपटलापर्यंत पोचतो, पण तो दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. 'निस्ट'च्या संशोधकांनी २०१० मध्ये एका १५ डॉलरच्या हिरव्या पॉइंटरबद्दल लिहिलं होतं. त्यावर १० मिलिवॉट छापलेलं, हिरवा उजेड मंद, आणि अदृश्य अवरक्त मात्र जवळजवळ २० मिलिवॉट. मंद दिसतो म्हणून मुलाच्या हातात द्यावा असाच तो लेझर. त्यांनीच घरगुती साधनांची एक चाचणी सुचवली. मी तीच थोड्या फरकाने करतो.

आधी फोनचा कॅमेरा तपासा. टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिणगी दिसली तर तो कॅमेरा अवरक्त प्रकाश पाहू शकतो. मागच्या कॅमेऱ्याला नाही दिसली तर सेल्फीचा बघा, त्याला बहुधा दिसते. आता जाड पांढऱ्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा. लेझर शिकंज्यात घट्ट बसवून झोत त्या भोकातून सोडा आणि समोर १० सेंटीमीटरवर जुनी सीडी, चकचकीत बाजू पुठ्ठ्याकडे करून उभी ठेवा. सीडीवरच्या सर्पिल खोबणीचे वेढे १.६ मायक्रॉन अंतरावर असतात, त्यामुळे परतणारा प्रकाश रंगांप्रमाणे वेगवेगळ्या कोनांत फुटतो आणि पुठ्ठ्यावरच पडतो.

भोकापासून साडेतीन सेंटीमीटरवर पहिला हिरवा ठिपका येतो, सुमारे नऊ सेंटीमीटरवर दुसरा. तुम्ही बघायची ती मधली जागा. नुसत्या डोळ्यांना तिथे कोरा पुठ्ठा दिसतो. फोनच्या पडद्यावर मात्र सहा सेंटीमीटरच्या आसपास फिकट जांभळा ठिपका उमटला, तर तो ८०८ चा अवरक्त. १०६४ चा ठिपका दुसऱ्या हिरव्या ठिपक्यावरच येऊन पडतो, म्हणून तो या पद्धतीने वेगळा काढता येत नाही. पण ८०८ दिसला की गाळणी नाही हे पुरेसं सिद्ध झालं. तो लेझर परत करायचा, कितीही स्वस्त असो.

ही चाचणी एकट्याने, दार बंद करून करावी. झोताच्या पातळीत डोळे आणायचे नाहीत, पाहायचं ते फक्त फोनच्या पडद्यावर, आणि सीडी हलवायची असेल तर आधी लेझर बंद.

६. ताकदीचा अंदाज सौर सेलवर येतो.

लेझरचा पॉवर मीटर चांगला मिळाला तर उत्तमच, पण तो लेझरच्या कितीतरी पट महाग. अंदाजासाठी सिलिकॉनचा एक सुटा सौर सेल आणि मल्टीमीटर चालतो. 'सुटा' हा शब्द महत्त्वाचा. तयार छोट्या पॅनेलमध्ये अनेक सेल एकामागे एक जोडलेले असतात. झोत एकावरच पडतो, बाकीचे अंधारात राहून प्रवाह अडवतात आणि आकडा भलताच कमी येतो. मीटर मिलिअँपिअरवर ठेवा, खोलीतल्या उजेडाचा आकडा वजा करा. हिरव्या प्रकाशाला चांगला सिलिकॉन सेल वॉटमागे साधारण ०.३ अँपिअर देतो, म्हणजे १० मिलिअँपिअर आले तर तीसेक मिलिवॉट. सेल अवरक्त प्रकाशही मोजतो, म्हणून सीडीची चाचणी झाल्याशिवाय या आकड्याला किंमत नाही. दोन-चार मिनिटं लावून ठेवल्यावर आकडा किती घसरतो तेही पाहा. उष्णता बाहेर टाकायची सोय नसलेला लेझर इथेच ओळखू येतो.

७. सेलचं वजन करा.

'३०३' सारख्या जाडसर लेझरमध्ये १८६५० प्रकारचा लिथियम सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. त्यावर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर तो खोटा, कारण या आकारात चांगल्या कंपन्याही ३५०० च्या आसपास थांबतात. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सोनाराकडच्या काट्यावर हलका लागला तर टाकून द्या. सोबतचा चार्जर सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेतोय का, ते मल्टीमीटरने बघा. नेत असेल तर रात्री झोपताना तो लावून ठेवू नका; खरं तर वापरूच नका.

८. गॉगलवर आकडा छापलेला हवा.

लेझरबरोबर फुकट मिळणारा रंगीत प्लास्टिकचा चष्मा संरक्षण नव्हे. खऱ्या गॉगलवर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी छापलेला असतो. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग आत येतो. ५३२ साठी घेताना तो ८०८ आणि १०६४ साठीही आहे का, हे विचारा. गॉगल टेबलावर ठेवून त्याच्या काचेतून झोत भिंतीवर सोडा. तिथे हिरवा ठिपका दिसला तर गॉगल निकामी. दिसला नाही तरी हे झालं हिरव्यापुरतं. अवरक्ताची खात्री फक्त छापील आकडा देतो, म्हणून माहितीतल्या कंपनीचाच घ्यावा.

९. भंडारदऱ्याच्या डिसेंबरात रेघ मंदावते.

स्फटिकांवर चालणारा ५३२ चा लेझर गारठला की फिका पडतो. खिशात ऊब देऊन काढा, पुन्हा उजळतो. ५२० नॅनोमीटरचा थेट हिरवा डायोड थंडीत तितका बिचकत नाही आणि त्यात अवरक्ताची भानगडच नाही. थोडे जास्त पैसे पडतात, पण शाळांना मी आता तोच सुचवतो.

१०. विमानाचा दिवा दिसला की बटणावरून बोट उचलायचं.

किलोमीटरवर मीटरभर पसरणारा झोत वैमानिकाच्या सबंध काचेवर पसरतो आणि उतरण्याच्या ऐन क्षणी त्याला समोरचं दिसेनासं होतं. विमानतळांच्या परिसरात आकाशात लेझर सोडण्यावर पोलीस बंदीचे आदेश काढतात. कार्यक्रमाची जागा ठरवतानाच स्थानिक ठाण्यात विचारून घ्यावं. आमच्याकडे एक जण लेझर धरतो आणि दुसरा फक्त आकाशाकडे लक्ष ठेवतो. तो "बंद" म्हणाला की वाक्य अर्धवट सोडून रेघ विझवायची, मग मृगातला काक्षी दाखवायचा राहिला तरी चालेल.

११. किल्ली मोठ्यांच्या खिशात.

पुण्यात २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर लेझरमुळे दृष्टी गेल्याच्या तक्रारी घेऊन तरुण मुलं नेत्रतज्ज्ञांकडे आली, आणि २०२४ च्या उत्सवाआधी पोलिसांनी लेझर दिव्यांवर बंदी घातली. ते दिवे हातातल्या पॉइंटरहून वेगळे, पण दृष्टिपटलाला हा फरक कळत नाही. तिथला डाग भरून येतोच असं नाही. म्हणून कार्यक्रम संपला की सेल एका डबीत, लेझर दुसऱ्या डबीत आणि किल्ली शिक्षकांकडे. वाढदिवसाची भेट म्हणून मुलाला लेझर घेऊन देऊ का, असं पालक विचारतात. नको, असं मी स्पष्ट सांगतो आणि त्याच पैशांत चांगला ताऱ्यांचा नकाशा आणि लाल कागद लावलेली बॅटरी सुचवतो.

१२. जाळणारा लेझर खरंच हवा असेल तर तो हातात धरायचा घेऊ नका.

लाकडावर नाव कोरायचंय, चामड्यावर नक्षी काढायचीय, अशी हौस असलेली माणसंही भेटतात. ती हौस चांगली आहे, तिला नाट लावायची माझी इच्छा नाही. त्यांच्यासाठी टेबलावर बसणारी, चारी बाजूंनी झाकलेली कोरीवकामाची यंत्रं मिळतात. घेताना झाकण उघडून बघा: उघडताक्षणी झोत आपोआप बंद पडला पाहिजे. धूर बाहेर नेणारा पंखाही लागतो, कारण प्लास्टिक आणि रेक्झिन जळताना विषारी वायू निघतात. पीव्हीसी तर त्यात घालूच नये.