सफाळ्यात घरच्या घरी नेग्रोनी

चला, या ओट्याशी. आज इटलीच्या कडू-गोड बाटल्या उघडायच्या आहेत. नेग्रोनी सोपी आहे, तीन गोष्टी सारख्या मापाने घ्यायच्या. फक्त क्रम मोडू नका. आणि बर्फाकडे नीट लक्ष द्या, बिघडते ती तिथेच.

एका पेल्याला लागेल: कॅम्पारी 30 मिली, लाल गोड व्हर्मुथ 30 मिली, जिन 30 मिली, जाड सालीचं एक माल्टा संत्रं, भरपूर बर्फ. इटालियन बाटल्या बोरिवली-अंधेरीच्या मोठ्या वाइन शॉपमध्ये बघा, परतायला डहाणू लोकल आहेच. दमणची स्वस्त बाटली मात्र आणू नका, महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. वय 25 पूर्ण हवं आणि पिण्याचा परवानाही.

आदल्या रात्री

1. पाणी उकळून पूर्ण गार करा.

2. त्या पाण्याने स्टीलची छोटी वाटी पाऊण भरा. काठोकाठ नको, बर्फ फुगून वर येतो.

3. वाटी झाकून, बर्फाच्या ट्रेसोबत फ्रीजरमध्ये ठेवा. शेजारी बोंबलाची पिशवी असेल तर आधी ती हलवा. बर्फ वास पटकन धरतो.

प्यायच्या वेळी

4. प्यायचा ग्लास दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

5. माल्टा धुऊन कोरडं पुसा.

6. सोलाण्याने बोटाएवढी सालीची पट्टी काढा. आतला पांढरा भाग जाड आला तर सुरीने खरवडा. नागपुरी संत्रं इथे नको, त्याची सैल साल सोलाण्याखाली सरकते.

7. वाटी नळाखाली उलटी धरून बर्फाचा मोठा खडा ताटलीत काढा. तो तसाच राहू द्या.

8. दुसरा उभा ग्लास ट्रेमधल्या बर्फाने भरा. कंजुषी नको, थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं.

9. त्यात कॅम्पारी ओता. पेगचं माप नसेल तर खोकल्याच्या औषधाचं टोपण स्वच्छ धुऊन घ्या, 10 मिलीच्या खुणेपर्यंत तीनदा. अंदाजाने ओतू नका.

10. तेवढीच व्हर्मुथ ओता.

11. व्हर्मुथची बाटली लगेच बंद करून फ्रीजमध्ये ठेवा. ती वाइन आहे, आपल्या दमट हवेत बाहेर राहिली की चव उतरते. कॅम्पारी आणि जिन कपाटात खुशाल राहतात.

12. जिन ओता.

13. लांब चमच्याने अर्धा मिनिट हळू ढवळा. ग्लास बाहेरून बोटाला चांगला गार लागला की थांबा.

14. ताटलीतला खडा बघा. वरची पांढुरकी झाक जाऊन ओली चमक आली की तो गार ग्लासात ठेवा. घाई केलीत तर ओतताच तडकतो.

15. पेय गाळणीने त्यावर गाळा. चहाची गाळणी चालेल, पण तिला चहाचा वास राहिलेला नको.

16. सालीची रंगीत बाजू पेल्याकडे करून ती चिमटा. उजेडात बघा, तेलाचा बारीक फवारा उडताना दिसेल. किती सुंदर वास येतो!

17. साल काठावरून फिरवून आत सोडा.

18. छोटा घोट घ्या. पहिला कडू लागणारच, साखर घालू नका. दोन-तीन घोटांत संत्र्याचा गोडवा वर येतो. सोबत भाजलेला सुका बोंबील झकास लागतो. तरीही जड गेलं तर पुढच्या वेळी जिनऐवजी सोडा घाला, त्याला अमेरिकानो म्हणतात.

19. एका पेल्यावर थांबा. यात जवळजवळ दोन छोट्या पेगांएवढी दारू असते. स्टेशनवर कुणाला आणायला जायचं असेल तर रिक्षा सांगा.