शाळा सुटल्यावर आणखी दोन तास?

प्रश्न : आम्ही हैदराबादला काचीगुड्यात राहतो. मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. वाचताना अडखळते, हातच्याची वजाबाकी चुकते. शाळा सुटल्यावर रोज दोन तासांचा जादा वर्ग सुचवलाय. पाठवावं का?

उत्तर : पाठवा, पण तिथे काय शिकवतात ते आधी विचारा. तुमच्याच राज्यातल्या नागरकर्नूल भागात हैदराबादच्या नांदी फाउंडेशनने असे वर्ग चालवले होते. गावातलेच स्वयंसेवक शाळेनंतर रोज दोन तास शिकवत. दोन वर्षांनी ही मुलं तेलुगू आणि गणितात इतर गावांतल्या मुलांच्या पुढे होती. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला.

‘प्रथम’ संस्थेची पद्धतही उपयोगी आहे. इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनपातळीनुसार गट करायचे आणि अधूनमधून पुन्हा तपासायचं. वर्गात नुसता गृहपाठ उरकत असतील, तर फायदा थोडाच.

घरी दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी देऊन 52 मधून 27 द्यायला सांगा. नोट मोडल्याशिवाय सात सुटे देता येत नाहीत, हे हाताने केलं की हातचा कळतो. रोज एक मराठी गोष्ट वाचून दाखवा. त्याने इंग्रजी मागे पडत नाही. शाळेतून आल्यावर खाऊ आणि थोडा खेळ झाल्यावरच वर्गाला पाठवा. डोळे-कान तपासून घ्या. तीन-चार महिन्यांत पातळी हललीच नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या.