पायाच्या खड्ड्यात जीवाश्म सापडला तर?

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास सुरू आहे. तळघरासाठी दोन मजले खोल खड्डा खणलाय. माझी नात रोज पत्र्याच्या फटीतून आत बघते आणि विचारते, "आजोबा, इथे डायनासोरची हाडं सापडली तर काम थांबवतील?" तिला काय सांगू?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : नातीला आधी मुंबईच्या बेडकाची गोष्ट सांगा. एकोणिसाव्या शतकात वरळीच्या खडकात बेडकांचे जीवाश्म मिळाले. रेल्वेचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांनी मुंबईच्या भूगर्भाविषयी लंडनला लिहून पाठवले. त्याला जोडून १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी या बेडकाचे वर्णन छापले. 'डायनासोर' हा शब्द घडवला तो याच ओवेन यांनी. आज त्या बेडकाला 'इंडोबॅट्राकस पुसिलस' म्हणतात. पुसिलस म्हणजे इवलासा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन लोंढ्यांमध्ये उसंत मिळाली, तळी साचली आणि गाळात बेडूक-कासवे रुतली. मग वरून पुन्हा लाव्हा पसरला. म्हणून काळ्या कातळाच्या मध्येच पाटीसारखा, पापुद्रे सुटणारा थर दिसला, तर तिथे नीट पाहावे. पोकलेनवाल्याच्या दृष्टीने तो नुसता ठिसूळ दगड असतो. संध्याकाळपर्यंत डंपरमध्ये भरून जातो.

काम थांबते का? काम न बुडवताही जीवाश्म वाचतात, हे लॉस एंजेलिसने दाखवले आहे. तिथे ला ब्रेया भागात जमिनीतून डांबर वर येते आणि त्यात हिमयुगातले प्राणी रुतून राहिले आहेत. २००६ मध्ये कलासंग्रहालयाच्या भूमिगत वाहनतळासाठी खोदताना हाडांनी भरलेले १६ साठे लागले. एकेक हाड जागेवर सोडवत बसले असते तर वर्षे गेली असती. मोठे झाड मुळांच्या मातीसकट हलवतात, तसे त्यांनी साठ्यांभोवती लाकडी पेट्या बांधल्या आणि माती-डांबरासकट २३ पेट्या उचलून बाजूला नेल्या. सर्वांत जड पेटी पन्नास टनांहून अधिक भरली. वाहनतळ उभा राहिला, आणि पेट्यांतली हाडे नंतर सावकाश ब्रशने मोकळी होऊ लागली. त्याच खोदकामात 'झेड' नावाच्या मॅमथचा सुमारे ८० टक्के सांगाडा मिळाला.

हे नशिबाने घडले नाही. कॅलिफोर्नियात १९७० पासून असलेल्या पर्यावरण कायद्यानुसार प्रकल्पाला मंजुरी देण्याआधीच जमिनीखालच्या वारशाचा विचार करावा लागतो. जिथे शक्यता असते तिथे खोदकामावर जीवाश्मतज्ज्ञ नेमतात आणि मशीन थांबवायला सांगण्याचा अधिकार त्यांना असतो. २०१६ मध्ये तिथल्या मेट्रोच्या खोदकामात हत्तीच्या कुळातल्या पिल्लाची कवटी हाती लागली, ती अशाच पहाऱ्यामुळे.

आपल्याकडे इमारतींना थोडेफार संरक्षण आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा यादीही आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. जीवाश्मांची बाजू मात्र लंगडी आहे. भूवारशासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये जाहीर झाला. तो कायदा होणे फार गरजेचे आहे. इमारतीचे निदान फोटो आणि नकाशे उरतात. फुटलेला थर खडी होऊन गेला, की त्यात काय होते हे कुणालाच कळत नाही.

तोवर तुमच्या सोसायटीला करता येण्याजोगे एक काम आहे. विकासकाबरोबरच्या करारात एक कलम घाला : खोदकामात काही वेगळे दिसले तर तेवढा भाग थांबवून तज्ज्ञाला बोलवायचे. आणि खरेच काही दिसले, तर उपटू नका, धुऊ नका. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, खोली आणि जागा लिहून ठेवा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या कॉलेजचा भूशास्त्र विभाग गाठा. थरातून सुटलेल्या जीवाश्माचे वय आणि त्याची गोष्ट सांगणे फार अवघड होते.

नातीला सांगा, डायनासोरचा भरवसा नाही, पण बेडूक निघू शकतो. तिला फटीतून बघू द्या. तुमच्या पत्रावरून तरी त्या खड्ड्याकडे रोज कुतूहलाने पाहणारी ती एकटीच दिसते.