आगाऊ भरलेले भोजन : सहलीच्या खर्चाचा एक धडा

परदेशप्रवासाच्या अंदाजपत्रकात विमानभाडे, व्हिसाचे शुल्क आणि निवासाचा खर्च यांचे आकडे काळजीपूर्वक मांडले जातात. जेवणाखाण्याचा खर्च मात्र बहुधा अदमासाने धरला जातो, आणि चौघांचे कुटुंब आठवडाभर परदेशात राहिले की नेमका हाच अदमास चुकतो. ही अनिश्चितता दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे आगाऊ भोजन योजना. निघण्यापूर्वी एकरकमी पैसे भरावेत आणि तेथे पोहोचल्यावर खिशात हात न घालता जेवावे, अशी ही कल्पना. ती सोयीची आहे यात शंका नाही. ती फायद्याचीही आहे का, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खाण्याच्या सवयी पाहूनच शोधावे लागते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराजवळ असलेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे या अभ्यासासाठी उत्तम उदाहरण आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडम या उद्यानाने त्याचा प्रारंभ झाला. पुढे १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज या नावाने ओळखले जाणारे उद्यान आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम यांची भर पडली. येथील भोजन योजना आजच्या धर्तीवर २००५ मध्ये सुरू झाली. २०२० मधील महासाथीच्या काळात ती स्थगित करण्यात आली आणि जानेवारी २०२४ मध्ये दोन प्रकारांत पुन्हा उपलब्ध झाली.

योजनेचे स्वरूप

पहिला प्रकार ‘क्विक सर्व्हिस’चा. यात काउंटरवर मागणी नोंदवून स्वतः ताट उचलण्याच्या उपाहारगृहांतील दोन जेवणे आणि एक अल्पोपाहार दर रात्रीमागे मिळतो. दुसऱ्या, अधिक महाग प्रकारात दोनपैकी एक जेवण ‘टेबल सर्व्हिस’चे, म्हणजे वाढपी येऊन वाढेल अशा उपाहारगृहातील असते. दोन्ही प्रकारांत प्रत्येक व्यक्तीस संपूर्ण मुक्कामासाठी एक मग मिळतो. तो निवासी हॉटेलांतील पेयकेंद्रांवर पुन्हा पुन्हा भरून घेता येतो. जेवणात मुख्य पदार्थ व एक पेय असते. टेबलावरच्या जेवणात गोड पदार्थही असतो. २१ वर्षांवरील व्यक्तीस पेय म्हणून मद्यही निवडता येते.

या प्रत्येक हक्काला तेथे सर्रास ‘क्रेडिट’ म्हटले जाते. बँकेच्या ग्राहकाला या शब्दाने कर्जाची आठवण होईल; येथे मात्र ती आगाऊ भरलेल्या रकमेची जमा नोंद असते. मुक्कामाच्या रात्री मोजून क्रेडिट ठरतात आणि एकदम खात्यावर येतात. ती रोज वापरलीच पाहिजेत असे बंधन नाही. परंतु हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सर्व क्रेडिट रद्द होतात आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत.

आणखी दोन अटी महत्त्वाच्या आहेत. ही योजना उद्यानाच्या मालकीच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना त्यांच्या पॅकेजचा भाग म्हणून घेता येते. तसेच एका खोलीतील ३ वर्षांवरील प्रत्येकासाठी आणि मुक्कामाच्या सर्व रात्रींसाठी ती घ्यावी लागते. केवळ मुलांसाठी किंवा केवळ दोन दिवसांसाठी ती मिळत नाही. ३ ते ९ वर्षे वयापर्यंत मुलांचा दर लागतो. १० वर्षे पूर्ण झाली की प्रौढांचा.

हिशोब कसा मांडावा?

२०२४ मध्ये क्विक सर्व्हिस योजनेचा दर एका रात्रीस प्रौढांसाठी ५७.०१ डॉलर व मुलांसाठी २३.८३ डॉलर होता. आई, वडील आणि ५ व ८ वर्षांची दोन मुले पाच रात्री राहिली, तर एकूण ८०८.४० डॉलर भरावे लागले असते.

ही रक्कम वसूल होते का, हे पाहण्यासाठी काही किमती गृहीत धरू. शाकाहारी जेवण व साधे शीतपेय मिळून प्रौढाचे बिल करासह २० डॉलर, मुलाचे ९ डॉलर, अल्पोपाहार ६.५० डॉलर आणि मगाची किंमत २२ डॉलर, म्हणजे पाच रात्रींत विभागता रोजचे ४.४० डॉलर. या हिशोबाने प्रौढाला रोज ५०.९० डॉलरचे खाणेपिणे मिळते. म्हणजे त्याने भरलेल्या रकमेपेक्षा ६.११ डॉलर कमी. मुलाला २८.९० डॉलरचे मिळते, म्हणजे ५.०७ डॉलर अधिक. मोठ्यांचा तोटा मुलांच्या फायद्यातून जवळजवळ भरून निघतो आणि पाच रात्रींत कुटुंबाला केवळ १०.४० डॉलरचा फटका बसतो. एवढ्या रकमेत बिनघोर जेवण मिळत असेल तर सौदा वाईट नाही, असे कोणीही म्हणेल.

परंतु या हिशोबात एक गोष्ट न तपासता धरली गेली आहे. योजना नसती तर या कुटुंबाने चार मग विकत घेतले असते का? उद्यानांतील शीतपेये देणाऱ्या काउंटरांवर बर्फाचे पाणी विनामूल्य मिळते. पाण्यावर समाधान मानणाऱ्या कुटुंबाने मगासाठी एक डॉलरही खर्च केला नसता. मग वगळताच तोटा १०.४० वरून ९८.४० डॉलरवर जातो. जेवणासोबतचे शीतपेय आणि रोजचा अल्पोपाहार यांनाही हाच प्रश्न लावला तर तोटा आणखी वाढतो.

या धड्याचे सार येथेच आहे. मिळालेल्या वस्तूची किंमत फलकावर काय लिहिली आहे, हे पाहून बचत मोजू नये. ती वस्तू एरवी आपण विकत घेतली असती का आणि किती रुपयांना, एवढेच मोजावे. न लागणारी वस्तू अर्ध्या किमतीत मिळाली तरी ती बचत नसते. तो निम्मा खर्च असतो.

योजना कोणाला लाभते?

दर ठरवताना सर्व प्रौढांना एकच माप लावलेले असते. साहजिकच जो महागडा मांसाहारी पदार्थ आणि त्यासोबत मद्य घेतो, त्याला रकमेचा पुरेपूर मोबदला मिळतो. जो शाकाहारी व निर्व्यसनी आहे, त्याचे बिल मुळातच लहान असते. दर मात्र दोघांना सारखाच. महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक कुटुंबांनी ही बाब आधीच ध्यानात घेतली पाहिजे.

टेबल सर्व्हिसच्या योजनेत मात्र शाकाहारी कुटुंबालाही एक वाट मोकळी आहे. २०२४ मध्ये तिचा प्रौढांसाठीचा दर रात्रीस ९४.२८ डॉलर आणि मुलांसाठी २९.६९ डॉलर होता. मग, अल्पोपाहार व काउंटरवरचे जेवण यांचे मोल वरच्याच आकड्यांनी वजा केले, तर प्रौढाच्या टेबलावरच्या एका जेवणामागे सुमारे ६३ डॉलर भरले गेले असे ठरते. पत्रिकेतून निवडलेला शाकाहारी पदार्थ, पेय व गोड मिळून बिल ४५ डॉलर झाले, तर १८ डॉलर वाया गेले. पण मिकी व त्याचे सवंगडी टेबलाशी येऊन मुलांना भेटतात, अशी बुफे पद्धतीची जेवणेही येथे असतात. त्यांचा दर पदार्थांवर अवलंबून नसतो. भाजी घ्या वा मांस, सर्वांना सारखाच आणि चढा. अशी अनेक जेवणे एकाच क्रेडिटमध्ये मिळतात. मुलांच्या बाबतीत तर त्यांचा लाभ ठळक असतो. जी कुटुंबे या भेटी एरवीही पदरचे पैसे देऊन घेणारच होती, त्यांना ही योजना खरोखर फायद्याची ठरते.

याउलट काही खास दर्जाची उपाहारगृहे एका जेवणास दोन क्रेडिट घेतात. मॅजिक किंगडमच्या राजवाड्यातील सिंड्रेलाज रॉयल टेबल हे त्यांपैकी एक. त्या वातावरणाची मनापासून ओढ असेल तर अवश्य जावे, पण दोन क्रेडिट खर्च होत आहेत हे जाणून जावे.

शाकाहाराची सोय पाहणाऱ्यांनी अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधील ‘सना’ या उपाहारगृहाची नोंद घ्यावी. आफ्रिकी व भारतीय चवींचा मेळ घालणाऱ्या या ठिकाणी निरनिराळे भारतीय नान चटण्यांसह मिळतात. आहारातील निर्बंध आरक्षण करतानाच कळवणे श्रेयस्कर. टेबलांचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि लोकप्रिय ठिकाणे लवकर भरतात. आरक्षण हाती नसताना टेबल सर्व्हिसची योजना घेणे म्हणजे तारीख न पाहता मंगल कार्यालयाचे भाडे भरणे होय.

दर आणि सवलती वर्षागणिक बदलतात, हेही विसरू नये. २०२६ मधील मुक्कामांसाठी प्रौढांनी योजना घेतल्यास ३ ते ९ वर्षांच्या मुलांना ती ठरावीक अटींवर विनामूल्य देण्याचे जाहीर झाले. अशा सवलतीने वरचे गणित पुरते पालटते. म्हणून दुसऱ्या कुटुंबाचा जुना अनुभव उपयोगी पडेलच असे नाही. ज्या वर्षी जायचे त्या वर्षीचे दर घेऊन हिशोब नव्याने मांडावा.

आगाऊ पैसे आणि मन

एवढे असूनही अशा योजना लोकप्रिय का होतात? ड्रेझन प्रेलेक व जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये याची मीमांसा केली. पैसे देताना मनाला एक बोच लागते; पैसे आधीच देऊन झाले असतील तर उपभोगाच्या क्षणी ती बोच जाणवत नाही. सहलीसारख्या गोष्टींचे पैसे आधी देऊन मोकळे होणे म्हणूनच माणसांना आवडते. हे सुख खरे आहे आणि त्याची काही किंमत मोजणे गैर नाही. मात्र ती किंमत किती, हे ठाऊक असावे.

दुसरी प्रवृत्ती अधिक महाग पडते. हाल आर्क्स व कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये एका नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग नोंदवला. ज्यांनी पूर्ण किंमत भरली होती, ते सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटकांना गेले. भरलेला पैसा वसूल करण्याची ही ओढ भोजन योजनेतही दिसते. भूक नसताना जेवले जाते, खेळ सोडून उपाहारगृह गाठले जाते आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या क्रेडिटचा खाऊ पिशव्यांत भरला जातो. भरलेले पैसे काहीही केले तरी परत येणार नसतात. पुढचे दोन तास मुलांना कोठे आनंद मिळेल, एवढाच विचार तेव्हा करावा.

परकीय चलन आणि भोजन योजना

बँकेच्या प्रीपेड परकीय चलन कार्डावर डॉलर भरले, तर भरण्याच्या दिवशीचा विनिमय दर निश्चित होतो. त्यातून खर्चाची शिस्त साधते आणि न वापरलेली शिल्लक परत आल्यावर रुपयांत बदलून घेता येते. भोजन योजनेत भरलेला डॉलर मात्र तेवढ्या मुदतीत अन्नाच्याच रूपाने मिळतो, अन्यथा बुडतो. ज्यांना केवळ खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, त्यांनी जेवणासाठी ठरावीक रक्कम कार्डावर वेगळी धरली तरी तोच हेतू साध्य होतो.

हाच विचार देशातल्या देशातही उपयोगी आहे. महाबळेश्वर असो वा मनाली, हॉटेले ‘सीपी’ म्हणजे न्याहारीसह, ‘एमएपी’ म्हणजे न्याहारी व एका जेवणासह, आणि ‘एपी’ म्हणजे सर्व जेवणांसह असे दर सांगतात. दिवसभर भटकंती करणाऱ्याने दुपारच्या जेवणाचे पैसे हॉटेलात आगाऊ भरण्यात अर्थ नसतो. वृद्ध आईवडिलांसह एका जागी विश्रांतीस गेलेल्यांना तीच योजना सुखाची ठरते.

लक्षात ठेवण्याजोगे

१. प्रथम योजनेशिवाय एका दिवसाचे खाणे लिहून काढावे. त्यानंतरच दराशी तुलना करावी.

२. एरवी विकत घेतली नसती अशी वस्तू फायद्यात धरू नये.

३. मुलांचे वय प्रवासाच्या दिवशी किती असेल ते पाहावे. ३ वर्षांखालील मुलांना योजना लागत नाही; ती मोठ्यांच्या ताटातले खाऊ शकतात.

४. वाढप्याची टीप योजनेत सहसा नसते. टेबलावरच्या जेवणासाठी बिलाच्या १८ ते २० टक्के रक्कम वेगळी ठेवावी.

५. महाग जेवणे मुक्कामाच्या पूर्वार्धात घ्यावीत आणि शिल्लक क्रेडिट रोज मोबाइल अ‍ॅपवर तपासावीत.

६. उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात. काचेची भांडी व मद्य चालत नाही. घरून नेलेला चिवडा वा खाकरा अमेरिकेत उतरताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांना जाहीर करावा.