राखणीच्या कुत्र्याच्या खुणा

तुमसर तालुक्यातील आंबागडचा परिसर डोंगराळ व रानालगतचा आहे. धानाच्या बांधीत रानडुकरांची चाहूल प्रथम लागते ती कुत्र्यास. त्याच्या खुणा मात्र घरच्या माणसांस क्वचितच उमगतात. शेपूट हलले म्हणजे कुत्रे खूश, हा समज अपुरा होय. सारे अंग सैल डुलत असेल तर ते प्रसन्न जाणावे. परंतु अंग आखडून, नजर रोखून, ताठ शेपूट हळू हलत असल्यास मुलांस दूर घ्यावे. तोंड फिरविणे, वारंवार ओठ चाटणे, झोप नसता जांभया देणे ही अस्वस्थतेची चिन्हे होत. गुरगुरणे ही तर उघड सूचना. त्याबद्दल मारल्यास कुत्रे गुरगुरणे सोडील, चावणे सोडणार नाही. शिकविताना आज्ञा पाळताच भाकरीचा तुकडा द्यावा. उशिराचे बक्षीस त्यास कळत नाही.

शांत कुत्रे अकस्मात चावरे झाले, आवाज घोगरा होऊन लाळ गळू लागली, तर ते पिसाळल्याचा संशय धरावा. कुत्रे चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखमेत तिखट भरण्याची चाल घातक आहे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. पिल्लू 3 महिन्यांचे होताच त्यास लस टोचून घ्यावी, व पुढे दरवर्षी.