वाय-फायच्या पेटीचे दुसरे कुलूप

वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली सुरू झाला. त्या वेळी संगणकावरील उसाची नोंद पाहायची तर गावच्या केंद्रावर जावे लागे. आता कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरात, काहींच्या गोठ्यातही, वाय-फायची पेटी म्हणजे राऊटर आहे.

या पेटीला दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायला जोडण्याचा. दुसरा पेटीच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. पहिला बहुतेक जण बदलतात. दुसरा मात्र पेटी आली तसाच राहतो, पुष्कळदा 'अ‍ॅडमिन' एवढाच. मग वाय-फायला जोडलेला कोणीही आत शिरून, बिल जमा झाले का पाहताना तुम्हाला बँकेच्या बनावट पानावर नेण्याची व्यवस्था करू शकतो.

मोबाईल वाय-फायला जोडून पेटीखालच्या चिठ्ठीवरील पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाकावा व प्रथम हा दुसरा पासवर्ड बदलावा. नंतर सुरक्षेच्या यादीतून डब्ल्यूपीए-३ निवडावे. जुना कॅमेरा त्याला जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए-२ (एईएस) चालेल. डब्ल्यूईपी हे कुलूप २००१ सालीच फुटले आहे, ते घेऊ नये. वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, पण पंधराच्या पुढे ठेवावा. गावाचे नाव, गट नंबर, मोबाईल नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द बरे.

डब्ल्यूपीएस बंद करावे. त्याचा पिन आठ अंकी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. 'रिमोट मॅनेजमेंट'ही बंद असावे. वाय-फायचे नाव लपवून मात्र काही साधत नाही.

दारात आलेल्या माणसाला पासवर्ड नाकारणे आपल्याकडे जड जाते. त्यासाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करावे. पाहुणे, ट्रॅक्टरवाले, तोडणीचे मुकादम यांना तोच पासवर्ड द्यावा, म्हणजे घरचे मोबाईल व गोठ्यातील कॅमेरा वेगळे राहतात. तुमच्या जोडणीवरून कोणी गैरप्रकार केला तर चौकशी प्रथम तुमच्याच दारी येते.

पेटीच्या मागे बारीक भोकात रिसेटचे बटण असते. ते दाबून धरले की केलेले सर्व बदल पुसले जातात आणि चिठ्ठीवरचे जुने पासवर्ड परत येतात. म्हणून पेटी ओट्यावर किंवा खिडकीत न ठेवता उंचावर, घराच्या आत बसवावी. नवे पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवावी. पासवर्ड विसरून रिसेट करण्याची वेळ आलीच तर जोडणी देणाऱ्याला आधी विचारावे, कारण इंटरनेटची नोंदही त्याबरोबर पुसली जाऊ शकते.