मागे बसणारी हायलक्स

प्रश्न : पर्थच्या एका वाचकाची टोयोटा हायलक्स तंबू, फ्रिज आणि पाण्याच्या टाकीच्या ओझ्याने मागे बसते. गिब रिव्हर रोडला जायचंय. नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुरतील?

उत्तर : नाही. वजन पेलतात मागचे पाटे. शॉक त्यांची उसळी आवरतात. आधी टाक्या भरून, माणसं बसवून गाडी काट्यावर चढवावी आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं घ्यावं. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, हे पुष्कळजण विसरतात! पाटे कायमच्या वजनाला साजेसे हवेत. फार कडक घेतले तर रिकामी गाडी नुसती उडते.

गिबचा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. तासन्‌तास त्या लाटांवर शॉकमधलं तेल तापतं, पकड सुटते. तिथे जाड नळीचे शॉक कामी येतात. टायरची हवाही कमी करावी.

पाटे बदलले म्हणून ऑस्ट्रेलियात कायदेशीर वजनमर्यादा वाढत नाही. त्यासाठी प्रमाणित जीव्हीएम (गाडीचं कमाल एकूण वजन) अपग्रेडच लागतो.